1898 चं एक राखाडी पुस्तक मिळवताना

एच. जी. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'ची लंडनची पहिली आवृत्ती मी शोधायला लागले 2022 च्या जानेवारीत. पुस्तक हातात पडलं 2024 च्या ऑगस्टमध्ये. मधल्या काळात कुणाला काय विचारायचं, कागदपत्रं कोणती लागतात, पैसे कुठे कुठे जातात, हे मराठीत सलग लिहिलेलं मला कुठेच सापडलं नाही. म्हणून घडलं त्याच क्रमानं लिहून ठेवते आहे. कुणाला जुन्या विज्ञानकादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायच्या असतील, तर निदान पहिले काही महिने चाचपडण्यात जाऊ नयेत.

सुरुवातीला नेमकं काय हवं तेच ठरलेलं नव्हतं. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'पासून वाचायला घेतलं. ती कादंबरी 1 जानेवारी 1818 ला तीन खंडांत निघाली, लेखिकेच्या नावाशिवाय, आणि प्रती छापल्या होत्या फक्त 500. त्यातली मूळ बांधणीतली एक प्रत 2021 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात 11 लाख 70 हजार डॉलरला गेली. हे वाचलं आणि तो विचार तिथेच थांबवला.

मग ज्यूल व्हर्न. त्याची लाल-सोनेरी, चित्रांची मोठी पुस्तकं बघताक्षणी मोहात पाडतात, आणि बहुतेकांना तीच पहिली आवृत्ती वाटते. खरं तर एत्झेल या त्याच्या प्रकाशकानं बऱ्याच कादंबऱ्या आधी लहान आकारात, चित्रांशिवाय काढल्या. मोठे सचित्र खंड नंतरचे. शिवाय त्या मोठ्या खंडांवर अनेकदा सालच छापलेलं नसतं. मागे जोडलेल्या प्रकाशकाच्या यादीवरून आणि पुठ्ठ्यावरच्या नक्षीवरून साल ताडावं लागतं. हा अभ्यास फ्रेंच येत असेल तरच करावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

वेल्सवर येऊन थांबले, त्याला दोन कारणं. एक म्हणजे 1895 ते 1898 या चार वर्षांत त्यानं 'द टाइम मशीन', 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो', 'द इन्व्हिजिबल मॅन' आणि 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' अशा चार कादंबऱ्या दिल्या. एवढ्या थोड्या वर्षांत एवढं मूळ काम दुसऱ्या कुणी केलेलं मला तरी माहीत नाही. दुसरं कारण व्यवहाराचं. 1894 मध्ये मुडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या इंग्लंडमधल्या, वर्गणी घेऊन पुस्तकं वाचायला देणाऱ्या दोन बड्या वाचनालयांनी तीन खंडांच्या महागड्या कादंबऱ्यांपुढे अटी घातल्या आणि ती पद्धत बघता बघता संपली. पुढच्या कादंबऱ्या एका खंडात, सहा शिलिंगांना मिळू लागल्या. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' त्यातलीच. एकच खंड शोधायचा म्हणजे 'पहिला खंड आहे, तिसरा नाही' ही कटकट मुळातच नाही.

'द टाइम मशीन'कडे आधी वळले होते. पण तिथे पहिली आवृत्ती कुठली म्हणायची इथूनच वाद सुरू होतो. मे 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री होल्ट या प्रकाशकानं काढलेलं पुस्तक लंडनच्या हाइनमन या प्रकाशकाच्या पुस्तकापेक्षा थोडं आधीचं. त्याच्या मुखपृष्ठानंतरच्या शीर्षक पानावर लेखकाचं नाव चुकून 'एच. एस. वेल्स' छापलं गेलं, आणि मजकूरही लंडनच्या पुस्तकाहून वेगळा आहे. लंडनचं पुस्तक पुन्हा दोन रूपांत: कागदी वेष्टनात दीड शिलिंगाला, कापडी बांधणीत अडीच शिलिंगांना. कुठलं घ्यावं यावर जाणकारांचंही एकमत नाही. मला वाचक म्हणून सर्वांत जवळची कादंबरी मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या स्वारीची, म्हणजे 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' होती, तेव्हा तीच घ्यायची ठरवली.

इथून पुढचं जवळजवळ अख्खं वर्ष मी काहीही विकत घेतलं नाही, फक्त वाचलं. नवीन माणसाला माझा पहिला सल्ला हाच राहील. जॉन कार्टरचं 'एबीसी फॉर बुक कलेक्टर्स' हे 1952 चं पुस्तक भाषा शिकवतं. विक्रेत्यांच्या वर्णनातला एकेक शब्द त्यामुळे उलगडतो. एल. डब्ल्यू. करी यांची विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लेखकांच्या पहिल्या आवृत्त्यांची सूची 1979 ची आहे, आणि या विषयातले विक्रेते आजही तिचाच दाखला देतात. ही सूची महाग असते. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात परवानगी काढून बसले आणि वेल्सची पानं वहीत उतरवून घेतली. परवानगीसाठी ओळखपत्र, फोटो आणि कशासाठी हवं आहे त्याचं अर्ध्या पानाचं पत्र एवढं पुरलं.

त्या वहीतून जे शिकले ते असं. शीर्षक पानावरचं साल म्हणजे सुरुवात, निर्णय नव्हे. त्या काळचे प्रकाशक सगळे फॉर्मे, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या जुड्या, एकदम छापत, पण बांधून घेत मागणी येईल तसतसे, थोडे थोडे. बांधताना मागच्या बाजूला आपल्या इतर पुस्तकांची जाहिरात-यादी घालत, आणि ती त्या दिवशी बाइंडरकडे जी पडलेली असेल ती. त्यामुळे छपाई एकच असली तरी आधी बांधलेली प्रत आणि नंतर बांधलेली प्रत यांत फरक पडतो. हाइनमनच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मागे 16 पानी यादी असेल आणि तिच्यावर 1897 साल असेल, तर ती आधीची प्रत धरतात. 32 पानी यादी असलेल्या प्रती नंतरच्या. बांधणी साध्या राखाडी कापडाची, वर काळी अक्षरं, मजकूर 303 पानं, चित्रं नाहीत. त्याच साली न्यूयॉर्कहून हार्परनं काढलेल्या पुस्तकात वॉरिक गोबलची चित्रं आहेत, कारण 1897 मध्ये एप्रिल ते डिसेंबर ही कादंबरी 'पिअर्सन्स मॅगझिन'मधून त्याच्याच चित्रांसह क्रमशः आली होती.

राखाडी कापडाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. कपाटात कणा बाहेर राहतो, उजेड खातो आणि तपकिरी होतो. सव्वाशे वर्षांनीही कणा पुठ्ठ्याइतकाच स्वच्छ राखाडी दिसला, तर आनंदाआधी शंका यायला हवी. कणा बदललाय का, कापड धुतलंय का, रंग चढवलाय का, हे विचारायचं.

2023 च्या फेब्रुवारीपासून खरा शोध सुरू केला. जुन्या पुस्तकांच्या विक्रीच्या संकेतस्थळांवर सूचना लावून ठेवल्या आणि रोज सकाळी मेल बघायचे. वर्णनं वाचायची सवय होईपर्यंत मन वरखाली होतं. 'फर्स्ट एडिशन' म्हणून टाकलेलं पुस्तक उघडावं तर आतला फोटो एकच, तोही पुठ्ठ्याचा. अशा विक्रेत्यांना मी एक ठरावीक पत्र पाठवायचे. शीर्षक पान, त्याची मागची बाजू, शेवटचं मजकुराचं पान, जाहिरात-यादीचं पहिलं आणि शेवटचं पान, दोन्ही आतल्या सांध्यांचे, म्हणजे पुठ्ठा कण्याला जिथे जोडलेला असतो तिथले फोटो, आणि कणा सरळ उजेडात. शिवाय तीन प्रश्न: एखादं पान गहाळ किंवा दुसऱ्या प्रतीतून घातलेलं आहे का? पुठ्ठे सुटून पुन्हा बसवले आहेत का? वाचनालयाचा शिक्का किंवा खरवडलेली खूण आहे का? ज्याला पुस्तकाची माहिती आहे तो या पत्राला मनापासून उत्तर देतो. ज्याला उत्तर द्यायचं नसतं त्याचंही न देणं उपयोगीच पडतं.

एप्रिलमध्ये एक प्रत खूप स्वस्त दिसली. फोटो मागवल्यावर कळलं, ती वसाहतींसाठी काढलेली आवृत्ती होती. मॅकमिलननं 1886 मध्ये असा 'कलोनियल लायब्ररी'चा क्रम सुरू केला आणि मग इतर प्रकाशकही त्या वाटेनं गेले: तीच पुस्तकं, पण भारत आणि इतर वसाहतींत विकण्यासाठी, ब्रिटनमध्ये विकायची नाहीत अशा अटीवर. संग्राहकांच्या बाजारात त्यांना भाव कमी. मला स्वतःला या आवृत्त्या फार महत्त्वाच्या वाटतात. वेल्स इंग्लंडबाहेर ज्यांनी पहिल्यांदा वाचला, त्यातल्या कितीतरी जणांच्या हातात असंच पुस्तक असणार. पण मी शोधत होते ते हे नव्हतं, म्हणून विक्रेत्याला तसं कळवून सोडून दिलं.

जूनमध्ये आणखी एक प्रत आली. सगळं बरोबर, 16 पानी यादीही होती, पण यादीचा कागद मजकुराच्या कागदापेक्षा फारच पांढरा आणि मागच्या सांध्याशी ताज्या गोंदाची रेघ. दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकातली यादी काढून इथे चिकटवली असावी, असा मला संशय आला. विक्रेत्याला विचारलं, त्यानं मान्य केलं नाही. मी वाद घातला नाही, फक्त घेतली नाही.

नोव्हेंबरमध्ये लिलाव करून पाहिला. नाव नोंदवायला पासपोर्टची प्रत, पत्त्याचा पुरावा, बँकेचं पत्र आणि अनामत म्हणून कार्डावर रोखून ठेवायची रक्कम एवढं लागलं. मंजुरीला आठवडाभर गेला, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. लिलावाच्या अटी पूर्ण वाचा. बोली जिथे थांबते ती किंमत अंतिम नसते. तिच्यावर लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते अधिभारशुल्क चढतं, ते पुष्कळ ठिकाणी 25 टक्के किंवा त्याहून जास्त असतं. त्यावर कर, त्यावर ऑनलाइन बोलीचं वेगळं शुल्क, आणि पॅकिंग-पाठवणी निराळीच. काही पुस्तकांपुढे 'विथ ऑल फॉल्ट्स' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ असतील त्या दोषांसह विकलं, नंतर पान कमी निघालं तरी परत घेणार नाही. मी आधी प्रतीच्या स्थितीचा अहवाल मागवला, सगळी शुल्कं धरून माझी वरची मर्यादा कागदावर लिहिली आणि कागद समोर ठेवूनच बसले. बोली त्या आकड्यापलीकडे गेली, मी थांबले. त्या रात्री वाईट वाटलं हे खरं, कारण प्रत फार देखणी होती. पण तो कागद समोर नसता तर मी थांबले नसते, हेही तेवढंच खरं.

त्यानंतर काही महिने काहीच घडलं नाही. या छंदात हा काळ येतोच. त्या दिवसांत मी पूर्वीच्या लिलावांचे निकाल गोळा करून एक तक्ता केला: कुठल्या प्रतीला काय स्थितीत काय भाव आला. कणा बदललेली प्रत आणि मूळ कण्याची प्रत यांत भावाचा केवढा फरक पडतो, ते तक्त्यात डोळ्यांना दिसतं. पुढे भाव ठरवताना माझ्याकडे बोलायला आधार होता तो या तक्त्याचाच.

2024 च्या मे महिन्यात ज्या विक्रेत्याला पूर्वी पत्र लिहून ठेवलं होतं, त्याचं स्वतःहून मेल आलं. संकेतस्थळावर टाकण्याआधी तुम्हाला विचारतो, असं. हा विक्रेता प्राचीन पुस्तकविक्रेत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे इलॅबचा सदस्य होता. संघटनेच्या नियमाप्रमाणे सदस्यानं वर्णन बरोबर असल्याची हमी द्यायची असते, आणि अनोळखी देशातल्या माणसाकडून घेताना ही हमी मोलाची वाटते. त्यानं न विचारताच सगळे दोष लिहिले होते: कणा काळवंडलेला, पुढचा आतला सांधा तडकलेला पण धरून असलेला, पहिल्या-शेवटच्या पानांवर फॉक्सिंग म्हणजे तांबूस ठिपके, कोऱ्या पानावर पहिल्या मालकाची शाईतली सही. जाहिरात-यादी 16 पानी, मूळची.

भावाबद्दल मी सरळ माझा तक्ता पाठवला आणि माझी रक्कम सांगितली. तो थोडा खाली आला, मी थोडी वर गेले. तीन हप्त्यांत पैसे द्यायचे ठरले. पूर्ण रक्कम पोचेपर्यंत पुस्तक त्याच्याकडेच. हप्त्यांबद्दल विचारायला संकोच करू नका, बरेच विक्रेते तयार असतात. ठरलेलं सगळं मेलवर लिहून घ्या: रक्कम, तारखा, परत करण्याची मुदत, विमा कुणी भरायचा.

परदेशी पैसे पाठवताना बँकेला इनव्हॉइस लागतं, आणि कारणाच्या रकान्यात काय भरलं याला महत्त्व असतं. इनव्हॉइसवर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता, बँकेचा स्विफ्ट कोड, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, साल, 'एक छापील पुस्तक' असे शब्द आणि रक्कम हे सगळं असलं तर काम एका फेरीत होतं. मधल्या बँका थोडे पैसे कापून घेतात. पूर्ण रक्कम पोचावी म्हणून ते शुल्क आपण भरतो असा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर शेवटचा हप्ता किरकोळ रकमेनं कमी पडतो आणि पुन्हा पत्रव्यवहार.

पार्सल जुलैच्या शेवटी निघालं आणि कस्टम्समध्ये अडकलं. जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणात छापील पुस्तकं 4901 खाली येतात आणि शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुराणवस्तू 9706 खाली. 1898 चं पुस्तक दोन्हींत बसू शकतं आणि दोन्हींचा कर प्रत्येक देशात वेगळा. कुरिअर कंपनीनं मला न विचारता एक क्रमांक टाकला होता, कागदावर दुसरंच वर्णन होतं, म्हणून अधिकाऱ्यांनी खुलासा मागितला. मी इनव्हॉइस, पैसे भरल्याची बँकेची पावती, विक्रेत्याचं सालासकट वर्णन, शीर्षक पानाचा फोटो आणि ओळखपत्र एका पीडीएफमध्ये घालून पाठवलं. उत्तर यायला आठवडा उलटला. त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष नव्हतं; गोदामातला दमटपणा आणि तो तडकलेला सांधा एवढंच डोळ्यांसमोर. पुस्तक निघण्यापूर्वीच कुरिअरला फोन करून क्रमांक कुठला टाकणार ते लेखी घ्या, आणि तोच विक्रेत्याच्या कागदावर येऊ द्या. माझा वरखर्च, म्हणजे कर, विमा, पाठवणी आणि बँकेचं शुल्क, पुस्तकाच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास गेला. अंदाजपत्रकात तेवढी जागा आधीच ठेवा.

ऑगस्टमध्ये पेटी आली. उघडताना मोबाइलवर चित्रण केलं, कारण प्रवासात काही झालं असेल तर विमा कंपनी पुरावा मागते. हात साबणानं धुऊन, कोरडे करून बसले. पांढरे हातमोजे घालू नका. त्यानं बोटांची जाणीव जाते आणि पान फाटतं. जुनं पुस्तक पूर्ण सपाट उघडायचं नाही, दोन्ही पुठ्ठ्यांखाली घड्या केलेले टॉवेल ठेवून अर्धवटच उघडायचं.

मग पान न् पान मोजायला सुरुवात केली. प्रत्येक फॉर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक खूण छापलेली असते, बाइंडरला क्रम कळावा म्हणून. एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंतची पानं मोजली की एखादं पान काढून दुसरं घातलंय का ते समजतं. प्रत्येक पान उजेडाकडे धरून कागदाचा पोत आणि रंग शेजारच्या पानाशी ताडून पाहिला. अर्पणपत्रिकेशी मात्र मी बराच वेळ थांबले. वेल्सनं हे पुस्तक आपल्या भावाला, फ्रँकला अर्पण केलं आहे, 'त्याच्याच कल्पनेचं हे रूप' अशा अर्थाच्या शब्दांत. नव्या आवृत्त्यांत ते मी किती वेळा वाचलं होतं. इथे त्या अक्षरांनी कागदात पाडलेला दाब बोटाला लागत होता. शिशाच्या खिळ्यांनी छापलेलं पान असं असतं. मागच्या यादीची 16 पानं पूर्ण होती, कागद मजकुराइतकाच जुना, आणि सांध्याशी गोंद जुनाच, तडा गेलेला. विक्रेत्यानं लिहिलेलं सगळं खरं होतं. परतीची मुदत संपायच्या आत त्याला लेखी कळवलं की पुस्तक पूर्ण आहे आणि मी ठेवते आहे.

सांधा दुरुस्त करून घ्यावा का, हा प्रश्न मी एका ग्रंथसंवर्धकापुढे ठेवला. तिचं म्हणणं पडलं, धरून आहे तोवर हात लावू नका. मला ते पटलं. तिनं मापानं आम्लमुक्त पुठ्ठ्याची पेटी करून दिली. पेटी आतल्या भिंतीच्या कपाटात आहे, बाहेरच्या भिंतीला पावसात ओल धरते म्हणून. शेजारी छोटं आर्द्रतामापक ठेवलं आहे. आकडा 50 टक्क्यांच्या आसपास राहावा एवढंच बघते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला बराच कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, आणि ओल, उष्णता, ऊन यांनी तो लवकर ठिसूळ होतो. चिकटपट्टी, चिकट चिठ्ठ्या, क्लिपा यातलं काहीही पुस्तकाजवळ नेऊ नका. घराच्या विम्यात अशी वस्तू आपोआप येत नाही, वेगळी नोंदवावी लागते. त्यासाठी इनव्हॉइस आणि फोटो पुरले.

सगळी कागदपत्रं मी वेगळ्या फायलीत ठेवली आहेत: वर्णन, पत्रव्यवहार, पावत्या, कस्टम्सचा कागद, माझी पानं मोजल्याची नोंद. पुस्तकात मात्र काहीही ठेवलेलं नाही, कारण आत ठेवलेल्या कागदाचा डाग पानावर उमटतो. पुढे कुणाला ही प्रत द्यायची झाली तर ती फाइलही सोबत जाईल. सध्या 'पिअर्सन्स मॅगझिन'चे 1897 चे ते नऊ अंक शोधते आहे. मासिकातला मजकूर आणि पुस्तकातला मजकूर शेजारी ठेवून वाचायचा आहे, आणि गोबलची चित्रं पहिल्यांदा ज्या पानांवर आली ती पानं बघायची आहेत. विक्रेत्यांना पत्रं गेली आहेत.